शाल माझ्या खांद्यावर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. पोरापाशी नाही, सुनेपाशी नाही. तुम्ही मध्येच थांबवणार नाही, म्हणून सांगतो.

सातपूरला मी गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचो. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर वळणदार — त्याची मला घमेंड होती. नात ओवी चार वर्षांची झाली तरी दोन शब्द धड जोडत नव्हती. गाडी दिसली की मात्र बोट दाखवायची. बायकोनं तेच धरलं. रोज संध्याकाळी तिला घेऊन ओट्यावर बसायची. गाडी आली की विचारायची — कुठून आली असेल गं? आत काय भरलंय? पोरगी आधी नुसतं "टेम्पो" म्हणायची. मग "टेम्पो कांदे". मग एक दिवस — "टेम्पो नामपूरहून कांदे घेऊन आला, ड्रायव्हरला लय भूक लागली." पुढं टेम्पोतला ट, जीपमधला ज, असं करत वाचायला लागली.

आणि मी? मी हसायचो. "गाड्या बघून कोणी शिकतं का? दोघी रिकामटेकड्या!"

"तुम्ही तुमचा ब्रश बघा," ती म्हणायची.

पहिलीत असताना शाळेच्या कार्यक्रमात ओवीनं अख्खी गोष्ट वाचली. कुठं अडखळली नाही. बाई माईकवर म्हणाल्या, आजोबा पेंटर, त्यांनीच अक्षरं गिरवून घेतली असणार. मला वर बोलावलं. शाल, नारळ. बायको खाली तिसऱ्या रांगेत, ओवीची पाण्याची बाटली धरून बसलेली. मी नाही, ती — एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

मी हात जोडले, शाल घेतली.

इथंच थांबलो तर अर्धंच सांगितलं. ओवी शेजारी उभी होती. मोठ्यानं म्हणाली, "आबांनी नाही, आजीनं शिकवलं." आणि मी — मी तिचा दंड दाबला. म्हणालो, "गप."

जी पोर बोलावी म्हणून बायको दोन वर्षं ओट्यावर बसली, तिला.

घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "शाल शोभती हो तुम्हाला." पुन्हा विषय काढला नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणारी ती नव्हती. हे मला ठाऊक होतं. तिथं स्टेजवरसुद्धा ठाऊक होतं.

ती गेली, त्याला वर्ष होईल. दहाव्याला घाटावर एक पाहुणा म्हणाला, "नातीला मात्र तुम्ही घडवलंत, आबा." तिच्या दहाव्याला. मी मान हलवली — होय म्हणून.

ओवी समोरच बसली होती. माझ्याकडं बघत होती. काही बोलली नाही.