कुंकू लावलेलं पिस्तूल

पिस्तूल पुढेही सरकेना आणि मागेही येईना. अर्धवट जोडलेलं, मध्येच अडकलेलं. मी ते बेंचवर ठेवलं, हात पुसले आणि मराठीत एक सणसणीत शिवी घातली.

"दॅट बॅड, मेट?" पलीकडून ट्रेव्हरने विचारलं.

ट्रेव्हर माझा बॉस. मेलबर्नच्या उत्तरेला त्याचं बंदुका दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. मी पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर. इथली युनिव्हर्सिटी संपल्यावर इथे 'तात्पुरती' लागले आणि इथलीच झाले. मराठी मंडळाच्या जेवणात कुणी विचारलं, काय करतेस, तर खरं उत्तर ऐकून समोरच्याचा घास हातातच राहतो. आता मला त्याची सवय झालीये.

हे पिस्तूल केतकीचं. ती आयटीत आहे, क्रेगीबर्नला राहते आणि क्लबमध्ये टार्गेट शूटिंग करते. रविवारी तिची स्टेटच्या टीमची निवडचाचणी होती. आणि पिस्तुलात गोळी नीट बसत नव्हती. केसभर बाहेर राहायची, त्यामुळे बोल्ट, म्हणजे गोळीमागून नळी बंद करणारा लोखंडी तुकडा, पूर्ण बंद व्हायचा नाही.

"काय झालं ते मला माहितीये गं, मेधाताई," पिस्तूल देताना ती म्हणाली होती. "खंडेनवमीला आईंनी पूजेत ठेवलं. हळदकुंकू, अक्षता, वरून तेलाचं बोट. मी समोर उभी होते, म्हटलं मन नको मोडायला. आता बघ."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. मिरजेहून नातवासाठी आल्या होत्या.

"मग? बोललीस त्यांना?"

"बोलले. जरा जास्तच बोलले. आता त्या तिकीट अलीकडे घ्यायला सांगतायत. सोमवारी जायचं म्हणतात. पण माझी वर्षभराची मेहनत आहे, ताई! कुणी पिस्तुलाला कुंकू लावतं का?"

मी लावते. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या लेथला मी दरवर्षी हळदकुंकू वाहते, ट्रेव्हर टोपी काढून बाजूला उभा राहतो. पण लेथच्या मोटरमध्ये मी कुंकू ओतत नाही. त्यामुळे केतकीचं म्हणणं मला तेव्हा पटलं.

आता हे पिस्तूल काय प्रकरण असतं ते सांगते. यात लागणारी पॉइंट टू-टूची (.२२) गोळी लहान, स्वस्त आणि अत्यंत घाणेरडी. तिच्या शिशावर मेण असतं. मेण, दारूची काजळी आणि वरून माणसाने हौसेने घातलेलं तेल, यांचा आत काळा चिखल होतो. तो काढायला पिस्तूल उघडावं लागतं. उघडणं सोपं आहे. खरी परीक्षा जोडताना. हॅमर, म्हणजे आपला घोडा, त्याला मागे एक छोटी दांडी लोंबकळत असते. ती मुठीतल्या स्प्रिंगच्या वाटीत अलगद टेकली पाहिजे. आत काही दिसत नाही. नळी वर करा, ट्रिगर ओढा, नळी खाली करा, श्वास रोखा. दांडी वाटीत पडली तर ठीक. नाही तर सगळं जाम, ना उघडत, ना मिटत. या धंद्यात इतकी वर्षं काढूनही माझ्या नाकी नऊ येतात.

तर मी ते उघडलं. आत खरंच लालसर लगदा होता. मुठीच्या कडेला एक अक्षतही सापडली. म्हटलं, चला, चोर सापडला. सगळं धुतलं, पुसलं, मघाशी सांगितलेली कसरत तीनदा केली, एकदाचं जोडलं. गोळी भरली.

गोळी केसभर बाहेरच!

मला अस्सा राग आला म्हणून सांगू! ट्रेव्हर उठून आला. त्याने पिस्तूल हातात घेतलं, बोल्ट मागेपुढे केला आणि म्हणाला, "तू काय शोधायचं ते आधीच ठरवलं होतंस. आता नुसतं बघ."

त्याचं असं शहाणपण ऐन रागाच्या वेळी येतं. पण बरोबर होतं. कुंकू दिसलं आणि माझं बघणं तिथेच थांबलं. पुन्हा उघडलं. या वेळी बोल्टही खोलला, जो मी मघाशी नुसता वरून पुसला होता.

बोल्टमधून फायरिंग पिन जाते. ती गोळीच्या बुडाच्या कडेवर आपटते आणि गोळी उडते. या फायरिंग पिनने पुढे किती जायचं, ते ठरवायला बोल्टमध्ये एक बारीक आडवी पिन बसवलेली असते. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी.

आडव्या पिनचं भोक रिकामं होतं.

खरी मेख पुढे आहे. ती पिन नसली तरी पिस्तूल चालतं. गोळ्या सुटतात, नेम लागतो, कुणाला काही कळत नाही. पण आत गोळी नसताना ट्रिगर ओढला, तर फायरिंग पिन थेट नळीच्या तोंडाच्या कडेवर जाऊन आपटते. लोखंडावर लोखंड. मी नळीत दिवा धरून पाहिलं. कडेवर एक खड्डा, आणि खड्ड्यातलं लोखंड आत सरकून आलेला बारीकसा उंचवटा. गोळी त्यालाच अडत होती.

कुंकवाचा काही संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती.

मी केतकीला फोन केला. शुक्रवारी दुपारी ती आली, आणि मागून एक बाई आल्या. सुती साडी, वर मुलाची असावी अशी सैल हुडी. भिंतीवरच्या बंदुकांकडे न बघता त्या दारापाशी खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"सापडलं का हो काय झालंय ते?" त्यांनी विचारलं. "माझ्या हातून फार नुकसान झालं का?"

त्या कशासाठी आल्या होत्या ते मला कळलं. आपण केलेलं नुकसान बघायला आल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

"सांगते, काकू." मी केतकीकडे वळले. "पूजेनंतर तू हे उघडलं होतंस?"

"ऑफ कोर्स. त्याच संध्याकाळी. व्हिडिओ बघून पूर्ण उघडलं, सगळं साफ केलं. जोडताना जीव गेला."

"आणि मग घरी ड्राय फायर केलंस?" ड्राय फायर म्हणजे गोळी न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव.

"रोज. मॅच आहे ना." मग ती थांबली. हुशार मुलगी आहे. माझा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. "ताई, कॅन वी डू धिस इन इंग्लिश?"

क्षणभर मी अडखळले. गिऱ्हाईक ती. पिस्तूल तिचं, चूकही तिचीच, आणि ती चारचौघांत सांगायची नाही हा आमच्या धंद्याचा साधा नियम आहे. इंग्रजीत दोन वाक्यं बोलले असते की काम झालं असतं. केतकी हसतमुखाने पिस्तूल घेऊन गेली असती, आणि त्या बाई सोमवारी विमानात बसून आपलंच चुकलं असं समजत मिरजेला गेल्या असत्या.

"नाही," मी म्हटलं. "मराठीतच सांगते."

आणि सगळं सांगितलं. सावकाश, बोल्ट हातात धरून. कुंकू कुठवर गेलं होतं आणि कुठे गेलंच नव्हतं. पिन काय करते. ती साफ करताना कशी निसटून पडते, आणि पडलेली कळतही नाही. केतकी जमिनीकडे बघत होती.

"कुंकू ओल्या फडक्याने निघालं असतं," मी म्हटलं. "पिस्तूल उघडायची गरजच नव्हती. उघडल्यावरच ते आत पसरलं."

काकूंनी पर्स उघडली. आतून सुट्ट्या पैशांचं पाकीट काढलं, त्यातून कागदाची पुडी, आणि पुडीतून काहीतरी तळहातावर घेतलं.

"ही तर नव्हे?"

पिन! तीच.

"जेवणाच्या टेबलाखाली पुसताना सापडली. म्हटलं कशाची तरी असेल, घरातलं टाकू नये. हिला विचारणार होते." त्यांनी पुडीचा कागद पुन्हा दुमडला. "पण ही बोलत नव्हती ना माझ्याशी."

केतकी रडायलाच लागली. बंदुकांच्या दुकानात, ट्रेव्हरसमोर. "आई, चुकलं माझं. मी तुम्हाला काय काय बोलले."

"बोललीस," काकू म्हणाल्या. नाही नाही, काही नाही गं, असलं त्यांनी काही म्हटलं नाही. "लागलं मला ते." आणि मग पदराचं टोक तिच्या हातात दिलं. "पूस डोळे."

ट्रेव्हर निमूटपणे चहा करायला गेला.

नळीची कड मी त्याच दुपारी नीट केली. तो उंचवटा कानशीने घासायचा नसतो. घासलं की लोखंड जातं ते कायमचं. एक निमुळती पोलादी दांडी तेल लावून आत घालायची आणि हळूहळू फिरवत, दाबत सरकलेलं लोखंड पुन्हा जागेवर बसवायचं. घाई करून चालत नाही. काकू शेवटपर्यंत खुर्ची ओढून बघत बसल्या होत्या. काकूंनी आणलेली पिन मी त्यांच्यादेखत भोकात बसवली. गोळी भरली, बोल्ट खटकन बंद झाला.

रविवारी मी रेंजवर गेले. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. केतकीची निवड मात्र झाली नाही, थोडक्यात हुकली. त्यात पिस्तुलाचा दोष नव्हता. त्या दिवशी तिच्यापेक्षा चांगलं खेळणाऱ्या होत्या, इतकंच. प्रेक्षकांच्या बाकावर काकू होत्या, अंबाड्यावरून कान झाकायचे मफ चढवून. तिकीट होतं त्याच तारखेचं राहिलं होतं, सोमवारचं जाणं रद्द झालं होतं.

मला बघून त्यांनी एक कान मोकळा केला. "काय गं, पुढच्या वर्षी कुंकू लावायला सांगू का नको हिला?"

"लावू द्या की. लाकडी मुठीला, बोटभर," मी म्हटलं. "फक्त रागात असताना साफ करायला घेऊ नये. आणि घेतलंच, तर शेजारी घरातलं कुणीतरी बसलेलं असावं, ज्याच्याशी तिचं बोलणं चालू आहे."