सावकाशची हजेरी

त्या गुरुवारी संख्याशास्त्राच्या तासाला मॅडमनी सत्तेचाळीस नंबर पुकारला आणि शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या पोपटने, शब्द ओढत ओढत, "ये...स मॅडम" म्हटलं. आवाज इतका हुबेहूब निघाला, की पुढचा मुलगा सत्तेचाळीस नंबर खरंच आलाय का ते बघायला वळला. मॅडमनी वहीत खूण केली आणि अठ्ठेचाळीसवर गेल्या. पोपटला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मित्राचं वाटोळं करताना माणसाला इतकं बरं वाटू नये, पण ते तेव्हा कुठे कळतं!

सत्तेचाळीस नंबर त्या वेळी दुसऱ्या शहरात, विद्यापीठाच्या मैदानावर, दोनशे मीटरच्या रेषेवर वाकून बसला होता. त्याला सगळे सावकाश म्हणत. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने डोळे उघडे ठेवून ठेवलं. हा चहा प्यायला बसला की चहावर साय धरे. बुटाची नाडी अशी बांधे, जणू आहेराचं पाकीट बांधतोय. "जेवलास का?" असं विचारलं तर विचारणारा जेवून, हात धुऊन आला की उत्तर मिळे. पेपरातही तेच. जे लिही ते अक्षर न् अक्षर बरोबर. फक्त पाचवा प्रश्न त्याला जन्मात कधी भेटला नाही. चौथ्यात असतानाच घंटा होई. त्यामुळे दोन विषय मागे राहिलेले, आणि तिसरा राहिला तर वर्ष गेलं, वर्षाबरोबर टीमही गेली. वर्षात नसलेल्याला कॉलेजकडून पळता येत नाही.

आणि हाच प्राणी मातीवर उभा राहिला की काय व्हायचं कोण जाणे. बंदुकीचा आवाज व्हायचा आणि सावकाश कुठेतरी हरवायचा. त्याच्या जागी दुसराच कोणीतरी पळायचा.

चार बाय शंभरच्या रिलेत पोपट तिसरा आणि सावकाश चौथा. या शर्यतीत चौथ्याने मागे वळून बघायचं नसतं. तिसरा जवळ आला की ओरडतो, चौथा पळता पळताच हात मागे करतो, आणि काठी तळहातावर आपटते. सगळा मामला भरवशाचा. बाकीच्या टीमा "घे!" म्हणून ओरडत. सहा जण एकदम "घे" म्हणाले तर घ्यायचं कुणाचं? म्हणून पोपट ओरडे, "सावकाश!" हे ऐकून पहिल्यांदा प्रेक्षक खो खो हसत. मग चौथा त्यांच्या समोरून जाई आणि हसणं आपोआप बंद पडे.

"तू मागे बघत का नाहीस रे? एकदा तरी बघावंसं वाटत नाही?" पोपटने एकदा विचारलं होतं.

बराच वेळ गेला. पोपट विषय विसरला. मग सावकाश म्हणाला, "तुझा आवाज येतो ना."

त्या गुरुवारी दोनशे मीटरला सावकाश एकटाच जाणार होता, बाकीची टीम दुसऱ्या दिवशी. निघताना पोपट म्हणाला होता, "पहिला आलास तर पाठीवर बसवून मैदानाची अख्खी फेरी मारीन. चारशे मीटर!"

"झेपेल का?"

"तू पहिला ये आधी. मग माझ्या कमरेची काळजी कर."

तो पहिला आला. शुक्रवारच्या पेपरात छाती फितीला लागल्याचा फोटो आला. संख्याशास्त्राच्या मॅडमनी तो कात्रीने नीट कापला आणि आपल्या हाताने फळ्यावर लावला, कारण चार प्रश्नांत पास होणाऱ्या या मुलावर त्यांचा मनातून जीव होता. मग शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी हजेरीची वही उघडली. खेळाला गेलेल्यांची हजेरी कॉलेज धरतंच. क्रीडाशिक्षकांचं तसं पत्र सोमवारीच कार्यालयात पोचलं होतं. मॅडमना गुरुवारच्या चौकटीत लाल शाईने फक्त 'खेळ' एवढं लिहायचं होतं.

चौकटीत हजेरी लागलेली होती.

म्हणजे पोपटने काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. नुसतं तोंड मिटून बसला असता तरी चाललं असतं. पण मित्राची हजेरी कमी भरतेय म्हणून गेले दोन महिने त्याच्या जिवाला घोर लागलेला, आणि पत्र गेलंय का हे क्रीडाशिक्षकांना विचारावं, ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. नियम असा, की एक हजेरी खोटी निघाली तर त्या विषयाचं अख्खं सत्र रद्द. सत्र रद्द तर पेपर नाही, म्हणजे सावकाशचा तिसरा विषयही गेला.

टीम परतल्यावर प्राचार्य, मॅडम आणि क्रीडाशिक्षक प्राचार्यांच्या खोलीत बसले आणि सावकाशला बोलावलं. पोपट बाहेर बाकावर. दार नीट लागत नसे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"तुझ्या वतीने कोण बोललं ते सांग," प्राचार्य म्हणाले. "तुला न विचारता कुणी केलं असेल तर शिक्षा त्याला. तू मोकळा."

हा नेहमीचा उशीर असेल असं वाटून तिघेही थांबले. पोपटने बाकाची कड घट्ट धरून ठेवली.

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही?" मॅडमचा आवाज चिरकला. "अरे, अख्ख्या वर्गाला माहीत आहे!"

"मी वर्गात नव्हतो, मॅडम."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

बाहेर आल्यावर पोपटने त्याचा दंड धरला. "मी आत जातो. आत्ता जातो."

सावकाशने त्याच्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लगेच उत्तर दिलं. "मी आत्ताच 'माहीत नाही' म्हणालोय, आता दोघांनी ठरवून केलं म्हणतील. बारा दिवसांनी फायनल आहे. चारातले दोन गेले तर पळणार कोण? फायनल होऊ दे. मग सांग."

इथे खरं तर पोपटने दार ढकलायला हवं होतं. पण त्याला ही सोय पटली. आपल्या फायद्याचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून आलं की किती शहाणपणाचं वाटतं! बारा दिवस तो मूग गिळून बसला. क्रीडाशिक्षक विचारत, "लेका, तुझी दातखीळ का बसलीय?" तो म्हणे, "सर, सर्दी आहे."

फायनलला चौथ्या जागी लांब उडीवाला उभा केला होता. पोरगा चांगला, पण पोपट ओरडला तेव्हा त्याने मागे वळून बघितलं. बघणारच. त्याची काय चूक? खांदा फिरला, हात हलला, काठी खाली पडली आणि दोन ओळी पलीकडे गडगडत गेली. सावकाश कुंपणाजवळ उभा होता. पोपटने तिकडे बघायचं टाळलं.

तेराव्या दिवशी सकाळी पोपट प्राचार्यांसमोर उभा राहून घडाघडा सगळं बोलला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"परीक्षेला बसणाऱ्यांची यादी विद्यापीठाला कधी गेली, ठाऊक आहे?"

"नाही, सर."

"परवा."

पोपटला एक वर्ष टीमबाहेर काढलं. पेपर मात्र देता आला; त्याचं नाव यादीत होतं. पाचही प्रश्न सोडवून तो बऱ्या मार्कांनी पास झाला. घरी वडील म्हणाले, "चेहरा असा का? नापास झाल्यासारखा?"

सावकाशची आई मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिथे वाफेखालून जायचं. ओल्या चादरी पिळून पिळून तिची मनगटं कधीचीच गेली होती; रिकामं बसण्यापेक्षा म्हणून पोरगा तिच्या जागी उभा राहिला. आधी महिनाभर. मग वर्ष झालं.

वर्षभराने टीम नव्याने बांधायला घेतली, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी पोपटच्या हातात एक फॉर्म ठेवला. पुन्हा प्रवेशाचा. "शनिवार शेवटचा दिवस. तू घालवलास, तूच आण. चौथी जागा मी रिकामी ठेवलीय, सांग त्याला."

पोपट धुलाईघरात शिरला तेव्हा वाफेने त्याला काही दिसेना. लांबलचक गरम रुळांमधून चादर बाहेर येत होती आणि दोन माणसं ती टोकांना धरून, जवळ येऊन, घडी घालून, पुन्हा मागे सरत होती. त्यातला एक सावकाश होता. पोपट बघतच राहिला. हात असे चालत होते, की नजर ठरेना.

"कोण पाहिजे?" दारातल्या मावशींनी विचारलं.

"तो. सावकाश."

"सावकाश?" मावशी हसल्या. "कुणाला म्हणतोस रे? आमच्याकडचा सगळ्यात चपळ पोरगा आहे तो. रूळ काय कुणासाठी थांबतोय होय!"

मधल्या सुट्टीत दोघे घडीच्या टेबलाशी बसले. पोपटने फॉर्म काढला आणि क्रीडाशिक्षकांचा निरोप सांगितला. सावकाशने फॉर्म उलटसुलट वाचला. त्याची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

"आई कशी आहे?" पोपटने विचारलं.

"पेला धरता येत नाही. बाकी तोंड चालू आहे." तो जरासा हसला. "इथे मला कायम करतायत. पुढच्या महिन्यापासून."

"मग?"

"मग काय! परीक्षा देणार मी. पाचवा प्रश्न बघायचाय एकदा, काय असतो ते. पण बाहेरून देईन."

बाहेरून परीक्षा देणाऱ्याला तास नाहीत, हजेरी नाही. आणि टीमही नाही.

"सर जागा ठेवून बसलेत रे."

"उडीवाल्याला द्या. त्याला फक्त सांग, मागे बघू नकोस म्हणून."

"तू रागावलास माझ्यावर?"

या प्रश्नाचं उत्तर यायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागला. तेवढ्यात पोपटला सगळं जुनं आठवून गेलं.

"पहिले सहा महिने," सावकाश म्हणाला. "रोज सकाळी. मग सकाळपाळी लागली, वेळ मिळेना." आणि त्याने फॉर्म पुढे सरकवला. "भर तू. तुझा हात भरभर चालतो. मी लिहायला घेतलं तर सुट्टी संपेल."

पोपटने नाव लिहिलं. जन्मतारीख न विचारता लिहिली. खाली दोन चौकटी होत्या: 'नियमित' आणि 'बहिःस्थ'. पेन त्यांच्यावर थांबलं.

"कर ना खूण," सावकाश म्हणाला.

ज्या माणसाच्या तोंडाने त्याला नको तिथे हजर केलं होतं, त्याच माणसाच्या हाताने आता त्याला मैदानाबाहेर काढायचं होतं. पोपटने दुसऱ्या चौकटीत खूण केली. रेघ वाकडी आली. सावकाशने खाली सही केली. शांतपणे, एक एक अक्षर काढत. पोपट त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिला.

"ती फेरी राहिलीय," तो म्हणाला. "पाठीवरची. चारशे मीटर."

"हो, राहिलीय."

"चल आत्ता. इथल्या आवारात मारतो."

सावकाश खरंच उठला. पोपट पाठ करून वाकला, गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली. तेवढ्यात आत सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला.

पोपट तसाच वाकून राहिला. मागे वळून न बघता.

पाठीवर एकदा तळहात आपटला, काठी देताना आपटतो तसा. मग पावलं आत गेली. भरभर.