डिसेंबरचा भाव

आमच्या टाउनशिपच्या सभेत बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. माझ्या वडिलांनी तेवढ्या वेळात बैलजोडी विकलेली मी पाहिली आहे, तीही तोंडातून शब्द न काढता. ते जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती माणसांची गर्दी, पण भाव ठाऊक फक्त त्या दोन हातांना. मी शेजारी उभा राहून चेहरे वाचायला शिकलो. समोरचा गप्प आहे म्हणजे सौदा चालू आहे, हे मला तिथे कळलं. या एका शिकवणीवर मी अमेरिकेत उभा राहिलो, आणि याच शिकवणीने टाउनशिपच्या सभेत मला पुरतं गोत्यात आणलं.

मी इकडे डिग्री घेऊन आलो नाही. न्यू जर्सीत आयसेलिनला एका किराणा दुकानात तांदळाची पोती उतरवायचो. पुढे इलिनॉयला आलो, भाजीची व्हॅन चालवली, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी चिकाटीने घासाघीस करून थोडी जमीन घेतली. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला घरं संपतात आणि मका सुरू होतो, त्याच्याही बरंच पुढे. तिथे मी मेथी, कोथिंबीर, गवार, अळू आणि झेंडू लावतो. नेपरव्हिलच्या एका रिटायर्ड डॉक्टरकाकांनी गणपतीच्या जेवणात चारचौघांत विचारलं होतं, अमेरिकेत येऊन कोथिंबीरच विकायची होती तर विमानाचं तिकीट कशाला काढलं? मी म्हटलं, काका, तुमच्या आमटीवर आहे ती माझीच आहे, काढून ठेवता का? पुढे ते माझ्याकडूनच जुड्या न्यायला लागले. मी त्यांना भावात कधी सूट दिली नाही.

माझं शेत रस्त्याच्या शेवटाला आहे. त्यापुढे रस्ता नाही, ओढा आहे. हा रस्ता टाउनशिपचा. टाउनशिप म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायतच समजा. रस्ते, दफनभूमी, हिवाळ्यात बर्फ काढणं, असला कारभार. माझ्या फाटकाच्या थोडं अलीकडे रस्त्याखालून एक मोरी जाते. जुना लोखंडी पाइप, अर्धा गाळाने भरलेला. वरच्या अंगाच्या शेतांतून मक्याची धाटं वाहून येतात आणि त्याच्या तोंडाशी अडकतात. जोराचा पाऊस झाला की पाणी मोरीतून न जाता रस्त्यावरून जातं.

एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी असंच झालं. झेंडू तोडून, क्रेट भरून व्हॅनमध्ये ठेवलेला होता. रस्त्यावर पाणी गुडघ्याच्या वर. मी व्हॅन घातली आणि ती मधोमध बंद पडली. बायको फाटकातून ओरडत होती की मागे घे, आणि मागे घेता येत नव्हती. झेंडू घेणाऱ्या देशी दुकानदाराला फोन केला, सकाळी आणतो म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, दसरा उद्या आहे, फुलं लोक आज नेतात." त्याने दुसरीकडून कापडी फुलांच्या माळा मागवल्या. माझी फुलं मी खताच्या ढिगावर ओतली. नंतर कितीतरी दिवस त्या बाजूने गेलं की वास यायचा आणि माझं डोकं फिरायचं. दुकानदाराने एक गोष्ट स्पष्ट केली होती. पुढच्या दसऱ्याला असं झालं तर झेंडूसाठी तो मला पुन्हा विचारणार नाही.

टाउनशिपची सभा महिन्यातून एकदा, संध्याकाळी भरते. हॉल म्हणजे बर्फ काढायच्या ट्रकच्या शेडला चिकटलेली एक खोली. आत डिझेलचा आणि कॉफीचा वास. टेबलामागे अध्यक्षबाई, पूर्वी शाळेची बस चालवायच्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना चार सभासद. आणि टोकाला, खुर्ची जरा मागे घेऊन, रस्त्यांचा कमिशनर. हा निवडून आलेला शेतकरी, टोपी कधी न काढणारा. रस्त्याचं काय करायचं ते तो ठरवतो, खर्चाला मंजुरी मंडळ देतं.

पहिल्या सभेत मी पहिला भाव लावला. पहिला भाव नेहमी चढा लावायचा. नवी मोठी मोरी, रस्ता वर उचलायचा, पूर्ण खडी टाकायची, आणि वाया गेलेल्या फुलांची भरपाई. आवाज चढला होता माझा. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कोणी काही बोललं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, थँक यू फॉर युवर कमेंट, आणि दफनभूमीतलं गवत कापायच्या विषयाकडे वळल्या.

मी मनात म्हटलं, माणसं मुरलेली आहेत.

पुढच्या महिन्यात मी भरपाई सोडली. सोडली म्हणजे मोठ्या मनाने सोडली, तसं बोलूनही दाखवलं. पुन्हा तीच शांतता. डिसेंबरात बाहेर बर्फ पडत होता. मी रस्ता उचलायचंही सोडलं आणि खडीही सोडली. कमिशनर माझ्याकडे बघत होता, डोळ्याची पापणी हलेना. असा गडी मी वडिलांच्या बाजारातही पाहिला नव्हता. मग मला राग आला, आणि रागाच्या भरात मी म्हटलं, नवी मोरी नको तर नको, निदान आहे ती साफ तरी करून द्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, थँक यू फॉर युवर कमेंट.

त्या संध्याकाळी माझी मुलगी सोबत होती. ती नेपरव्हिलला राहते, रोज ट्रेनने शिकागोला नोकरीला जाते, आणि बर्फात मी एकट्याने ड्राइव्ह करू नये म्हणून आली होती. गाडीत बसल्यावर ती हसायलाच लागली.

"बाबा, ते बार्गेन करतच नाहीयेत."

"मग काय करतायत?"

"ऐकतायत. पब्लिक कमेंटला उत्तर द्यायचं नसतं, तसा रूलच आहे इथे. तुझा विषय अजेंड्यावर नाही, त्यामुळे त्यांना त्यावर काही डिसाइड करता येत नाही. यू आर बार्गेनिंग विथ युवरसेल्फ, बाबा."

मी गाडी बाजूला घेतली. वायपर चालू होते. मी तिला विचारलं की अजेंड्यावर विषय कसा घालतात. ती म्हणाली, आधी सांगायचं असतं. बस, एवढंच. भरपाई, रस्ता, खडी, मोरी, सगळं मी सोडून बसलो होतो आणि समोर गिऱ्हाईकच नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, बरं झालं आजच कळलं, पुढच्या महिन्यात शेत लिहून देऊन आला असता.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने शेडवर गेलो. कमिशनर ट्रकच्या पुढच्या पात्याला ग्रीस लावत होता. मी म्हटलं, विषय अजेंड्यावर घाला, मला मोठी मोरी हवी आहे. त्याने हात पुसले.

"तुम्ही काल म्हणालात, साफ केली तरी चालेल," तो म्हणाला. "मी ऐकलं. थंडी सरली की साफ करतो."

मी त्याला मराठीत दोन शिव्या दिल्या. त्याला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला असावा. पण तो शब्दाचा पक्का होता आणि माझाही शब्द धरून बसला होता. बाजारात एकदा खाली आलेला भाव वर जात नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक. न बोलता, न खुर्ची हलवता त्या माणसाने मला तळापर्यंत उतरवलं, आणि वर त्याला आपण सौदा करतोय याची कल्पनाही नव्हती. हा सल मी अजून विसरलेलो नाही. आणि साफ केलेली मोरी माझ्या काय कामाची? एका पावसात पुन्हा भरणार. पुढचा दसरा डोळ्यांसमोर होता.

तरी मी सभांना जात राहिलो. बोललो नाही, नुसता बसलो. लोकांना वाटलं, चिडून बसतोय. चिडलेलो होतोच. पण समोरच्याला काय हवंय ते कळेपर्यंत हलायचं नाही, हेही मी बाजारातच शिकलो होतो. गवत कापण्याचं कंत्राट, बर्फावर टाकायच्या मिठाचा साठा, कोणाच्या तरी कुत्र्याची तक्रार, सगळं ऐकलं. आणि जानेवारीत एक गोष्ट कानावर आली. बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरची कुरकुर होती की माझ्या रस्त्याच्या शेवटी ट्रक वळत नाही. एवढं धूड, पुढे ओढा, दोन्ही बाजूंना चर. परत जाताना सगळा रस्ता रिव्हर्समध्ये जावं लागतं. फेब्रुवारीत ट्रक चरात गेला आणि एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढावा लागला. त्यावर सभेत बराच वेळ चर्चा झाली. ट्रक वळवायला जागा हवी, पण जागा कुठे आहे?

जागा माझी होती. फाटकाच्या पलीकडचा कोपरा, जिथे दगड इतके की मेथीसुद्धा नीट येत नाही.

मी अध्यक्षबाईंना फोन करून मार्चच्या अजेंड्यावर विषय घालायला सांगितलं. निघताना बायकोने हातावर एक लवंग ठेवली.

"दाढेखाली धरा. एकदा बोलून झालं की ही विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"लवंग विरघळत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच देतेय."

विषय पुकारला गेला. मी उभा राहिलो आणि सांगितलं की माझा कोपरा ट्रक वळवायला द्यायला मी तयार आहे. त्या बदल्यात रस्त्याखाली नवी मोठी मोरी हवी, शरदातला पाऊस सुरू व्हायच्या आत. कोपऱ्यावर मिठाचा ढीग टाकायचा नाही, माझी माती जाईल. एवढं बोलून खाली बसलो.

आता विषय अजेंड्यावर होता, त्यामुळे त्यांना बोलता येत होतं. कमिशनरने टोपी जरा मागे सरकवली. मला तेवढंच हवं होतं.

"डिसेंबरमध्ये तुम्ही म्हणाला होता, साफ करून दिली तरी पुरे," तो म्हणाला.

लवंग गालात सरकवावी लागली. "तो डिसेंबरचा भाव होता. तेव्हा घ्यायला हवा होता."

एक सभासद खो खो हसला. अध्यक्षबाईंनी कॉफीचा कप तोंडाला लावला. कमिशनर हसला नाही, पण त्याच्या जबड्यात काहीतरी हललं, आणि मला कळलं की या माणसाने कधीतरी गुरं विकलेली आहेत. मग मी गप्प बसलो. नवा पाइप, पण आहे त्याच मापाचा चालेल का, असं एकाने विचारलं. मी छताकडे बघितलं. दुसरा म्हणाला, थोडा मोठा. पहिला म्हणाला, थोडा मोठा घालायचा तर बराच मोठा घातला तरी खर्च तेवढाच, खणायचं एकदाच आहे. तिसऱ्याने ट्रक ओढून काढायच्या त्रासाची आठवण करून दिली. ते आपापसात चढत गेले आणि मी लवंग चघळत राहिलो. शेवटी कमिशनरनेच माप सांगितलं, मी मागितलं असतं त्याहून एक बोट मोठं. म्हणाला, करायचं तर नीट करू. ठराव मंजूर झाला. रस्ता उचलायचं मात्र कोणी काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. एका बाजारात सगळी जनावरं विकायची नसतात.

ऑगस्टमध्ये काम झालं. कमिशनर स्वतः दोन दिवस उभा होता. खड्ड्यात उतरून पाइपचा उतार तो स्पिरिट लेव्हलने तपासत होता, आणि मी काठावर उभा राहून तपासतोय हे त्याला आवडत नव्हतं. आमचं दोनदा वाजलं. एकदा मातीच्या भरावावरून आणि एकदा उगीचच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाऊस आला. मुद्दाम माझ्यासाठी पाठवल्यासारखा, दुपारपासून धो धो. मी छत्री न घेताच मोरीशी जाऊन उभा राहिलो. पाणी चढत चढत पाइपच्या तोंडापर्यंत आलं, धाटं आली, गरगर फिरली आणि आत गेली. पलीकडून बाहेर पडली. रस्ता ओला होता, पण पाणी त्याच्यावर चढलं नाही. मी व्हॅन काढली. बायको शेजारी बसली होती, मांडीवर एक क्रेट घेऊन, कारण मागे जागा उरली नव्हती. दुकानदाराने फुलं उतरवून घेतली आणि म्हणाला, "भाऊ, या वर्षी आज आणलीत."

येताना हॉलपाशी थांबलो. दसऱ्याला आपण वाहनांना हार घालतो, आणि तो ट्रक आता माझ्या कोपऱ्यावर वळणार होता, म्हणजे थोडा माझाही होता. कमिशनर शेडमध्येच होता. मी झेंडूची माळ ट्रकच्या आरशापासून आरशापर्यंत बांधली आणि हे कशासाठी ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. माळ एका बाजूला लोंबत होती, ती गाठ सोडून त्याने नीट बांधली, माझ्यापेक्षा चांगली. पहिला बर्फ पडला तेव्हा ट्रक ती सुकलेली माळ घेऊनच आला, माझ्या कोपऱ्यावर वळला आणि सरळ परत गेला.

गेल्या वर्षी मी मंडळाच्या निवडणुकीला उभा राहिलो आणि निवडून आलो. आता कमिशनरची खुर्ची आणि माझी खुर्ची शेजारी आहेत. रस्त्यांबद्दल आम्ही खूप बोलतो, बरंचसं भांडतो. मात्र खताच्या ढिगावर गेलेल्या त्या फुलांबद्दल त्याने अजून एक शब्द काढलेला नाही. भरपाई मी सोडली होती हे खरं आहे, पण ती डिसेंबरच्याही आधी, आणि समोर गिऱ्हाईक नसताना. तो सौदा मी धरत नाही. तो कधी बोलेल तेव्हा मी पहिल्यापासून सुरुवात करणार आहे, आणि पहिला भाव चढाच लावणार आहे.