भावजींनी पुसलेला तीळ

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, फोटोग्राफर आहेत. पण फोटो काय, कोणीही काढतो. त्यांचं नाव झालं ते फोटो काढल्यानंतरच्या कामामुळे. सुरकुत्या, मुरुमाचे डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, कोणाच्या चेहऱ्यावर म्हणून काही शिल्लक ठेवायचे नाहीत. त्यांच्या दुकानात आजी शिरते आणि नात होऊन बाहेर पडते, असं आमच्या रस्त्यावर गमतीनं म्हणत. त्यांना ते कौतुकच वाटे.

हे काम ते कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून करतात. खालून दिवा असलेल्या दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि टोकदार पेन्सिल घेऊन बसायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा तीळ तिथे पांढरा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यावर पेन्सिल हलकेच फिरवून तो भरला, की छापलेल्या फोटोत गाल लख्ख.

ताईच्या उजव्या गालावर तीळ होता. मला तो लहानपणापासून आवडायचा, मला नव्हता म्हणून मी रडलेही होते. लग्नानंतर भावजींनी तिचा पहिला मोठा फोटो काढला आणि दुकानाच्या काचेत लावला. त्यात तीळ नव्हता. तेव्हापासून तिच्या एकाही फोटोत तो नाही. ना बाळंतपणानंतरच्या, ना लेकीच्या लग्नातल्या.

ताईनं फक्त पावडरचा डबा जवळ केला. सकाळी अंघोळ झाली की पहिला हात गालावर. भाजीला निघाली तरी पावडर, गॅलरीत कपडे वाळत घालायला आली तरी पावडर. मी चेष्टा करायचे, "अगं, कपड्यांना दाखवायला नटतेस का?" ती हसून आत जायची.

या उन्हाळ्यात तिला ताप आला. अंथरुणात पडून होती, पावडर लावायचं त्राण नव्हतं. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि खिडकीतलं ऊन तिच्या गालावर आलं. तीळ पसरला होता. एका बाजूनं तपकिरी, दुसऱ्या बाजूनं काळा, आणि कड कशी, तर टीपकागदावर शाई पडावी तशी.

"ताई, हा असा होता का गं?"

"असाच आहे पहिल्यापासून," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. मी सरळ खाली दुकानात जाऊन भावजींना सांगितलं आणि ताप उतरल्यावर दोघांना कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी गालावर थेंबभर जेल लावलं आणि दिवा असलेलं छोटं भिंग त्यावर टेकवून बराच वेळ पाहिलं. मग आम्हाला समजेल असं सांगितलं. साध्या तिळाचे दोन अर्धे सारखे असतात, कड स्वच्छ असते, रंग एकच असतो. याचं तसं नाही. आकारही पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा झालाय.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीळ बदलतोय का," त्या म्हणाल्या. "कधीपासून असा आहे?"

"पहिल्यापासून," ताई ठामपणे म्हणाली.

"माझ्या मते काढून तपासायला हवा. नुसतं बघून मी खात्री देऊ शकत नाही."

"तोंडावर सुरी लावून घेणार नाही मी. जन्मापासून जे आहे, त्याला काय तपासायचं?"

डॉक्टरीणबाईंनी जबरदस्ती केली नाही. एवढंच म्हणाल्या, "जुने फोटो आहेत का घरी? शेजारी ठेवून बघा. बदललेला दिसला, तर तुम्हीच सांगा मला काय करायचं ते."

मी भावजींकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

माहेरी कधी फोटो काढलेच नव्हते आणि माझ्या आठवणीवर ताईचा विश्वास नव्हता, म्हणून घरी येऊन मी अल्बम काढले, भिंतीवरच्या फ्रेमा काढल्या. सगळीकडे माझी ताई, आणि सगळीकडे तो कोरा, गुळगुळीत गाल. फोटोग्राफरच्या घरात बायकोचा एक खरा फोटो नाही. याला म्हणतात दिव्याखाली अंधार. मी तसं बोलूनही दाखवलं. मला राग आला की माझी जीभ माझी राहत नाही.

"मग तुम्ही सांगा, भावजी. इतक्यांदा पुसलात तो तीळ. कसा होता? केवढा होता?"

भावजींनी डोळे मिटले. बोट हवेत धरलं, जणू पेन्सिलच आहे हातात. मग बोट खाली आलं.

"आठवत नाही," ते म्हणाले. "हात आपोआप चालायचा गं. मला तिचा गाल साफच आठवतो."

ताई पलंगावर बसली होती. ती अगदी हळू म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला तो आवडत नाही."

"आवडत नाही?" भावजी गोंधळलेच. "गिऱ्हाइकांना उत्तम काम द्यायचं आणि घरच्या माणसाला अर्धवट, असं कसं करणार?"

"मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी आपली पावडर लावत राहिले."

मला त्या दोघांना एका दोरीनं बांधून बदडावंसं वाटलं आणि रडूही आलं. एवढा संसार केला आणि गालाएवढ्या जागेवर दोघं एकदाही बोलली नव्हती.

भावजी उठले आणि खाली गेले. दुकानामागच्या खोलीत निगेटिव्हचे पत्र्याचे डबे आहेत. त्यातून त्यांनी काचेतल्या त्या पहिल्या फोटोची निगेटिव्ह शोधली. त्यांच्या हातचं सगळ्यात सुंदर काम, असं ते स्वतः सांगत आले होते. त्यांनी ती दुधी काचेवर ठेवली, दिवा लावला, कापसाचा बोळा औषधात बुडवला आणि गालावरची पेन्सिल पुसायला घेतली. ताईही जिना उतरून आली होती. आम्ही दोघी त्यांच्या मागे उभ्या. पेन्सिलीची राखाडी छटा बोळ्यावर आली आणि खालून पांढरा ठिपका दिसू लागला. इवलासा, वाटोळा, नीट कडेचा.

भावजींनी तेव्हाच फोटो छापला. ताईनं तो आरशाशेजारी धरला. एकदा फोटोतला गाल पाहिला, एकदा आपला. मग फोटो खाली ठेवून म्हणाली, "चला. उशीर नको."

तीळ काढला, तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत भावजींनी एकाही गिऱ्हाइकाचा फोटो साफ केला नाही. लोक कुरकुरत परत जायचे. मी देवाला नको नको ते बोलले. अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. तो कॅन्सरच होता, रंग तयार करणाऱ्या पेशींचा. पण अजून कातडीच्या वरच्या थरातच, खाली उतरलेला नव्हता. आजूबाजूची थोडी कातडी आणखी काढायची आणि नंतर नियमानं बाकीचे तीळ दाखवायचे. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. भावजी तिथेच, सगळ्यांदेखत, ओंजळीत तोंड लपवून रडले. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजारी कोण होतं, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

आता ताईच्या गालावर तीळ नाही, बारीक गुलाबी रेघ आहे. पावडर ती लावत नाही. डबा मला देऊन टाकलाय, चांगला अर्धा भरलेला आहे, मी वापरते. बाकीच्या तिळांचे फोटो भावजी काढतात. शेजारी मोजपट्टी धरून, एकाच उजेडात, काहीही साफ न करता. पाठीवरचे तीळ त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिले म्हणे, आणि हे सांगताना ताई या वयात लाजली.

परवा मी दुकानात बसले होते. एक बाई ओळखपत्राचे फोटो न्यायला आल्या. काचेत आता तोच जुना फोटो आहे, पण नव्यानं छापलेला. त्यांनी निरखून पाहिलं.

"मास्तर, तुमच्याकडून असं कसं झालं? या मुलीच्या गालावरचा तीळ काढायचा राहिलाय."

भावजी त्यांचे फोटो पाकिटात घालत होते.

"काढला तो," ते म्हणाले. "म्हणूनच तिथे ठेवलाय."