वाफ्यावरची खपली

आठव्या दिवशी सकाळी मी वाफ्यावरचं पोतं उचललं. खाली एकही कोंब नव्हता. मिरचीचं बी उगवायला आठवडा लागतो, कधी दहा दिवसही लागतात, हे मला माहीत होतं. पण माती वरून पापडासारखी कडक झाली होती. टिचकी मारली तर आवाज यायचा.

वाफा आईचा होता, बी मोठ्या मायचं होतं आणि सल्ला माझा होता.

मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या शेजारीच राहते. तिची लांब, बारीक मिरची तिने माहेराहून, हट्टा गावाहून आणलेली. तिथे आता ती कुणी लावत नाही. दरवर्षी ती बी राखेत घोळून चिंधीत बांधून ठेवते आणि उन्हाळ्यात आईकडे देते, कारण रोप टाकावं तर आईनेच, असं आमच्या गल्लीत सगळ्या बाया मानतात. मागच्या पावसात तिची बरीच झाडं सडली. यंदा चिंधी देताना ती म्हणाली होती, "सगळंच दिलं बरं का. मागं काही ठेवलं न्हाई."

मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नाही. त्यामुळे सुट्टीत घरी आले की सगळे मला विचारतात, आणि माहीत नाही म्हणायची मला लाज वाटते.

आमची परसबाग पांढरीत आहे. गाव वसतं ती जागा पांढरी आणि शेतं ती काळी, असं आमच्याकडे म्हणतात. पांढरीत कितीतरी पिढ्यांच्या पडक्या भिंती, चुलीची राख आणि शेण मुरलेलं असतं. मी बशीत तिची चिमूटभर माती घेऊन वर लिंबू पिळलं. बारीक फेस आला.

"चुना आहे हिच्यात," मी आईला म्हणाले. "म्हणून आपल्या झाडांची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यांना लोह मिळत नाही."

इथपर्यंत बरोबर होतं. पण पुढे मी म्हणाले, "यंदा रोप काळीत टाकू." हे वाक्य मी कुठेच वाचलं नव्हतं.

"काळीत? आजवर तर ह्यातच टाकत आलो."

"काळी ताकदीची असते, आई."

ती लगेच घमेलं घेऊन शेताकडे निघाली आणि तिथली काळी आणून परसातल्या वाफ्यात पसरली. तिने एकदा तरी वाद घालायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

आता त्या कडक वाफ्यासमोर बसल्यावर मला सगळं आठवलं. काळी माती फार बारीक कणांची असते. पाणी मिळालं की फुगते, चिकटते, आणि वाळली की आवळून बसते. हळदीला उंच गादीवाफ्यावर तिची ओल कामाला येते, पण वरवर टाकलेल्या बारीक बियांवर तिचं झाकण बसतं. हे माझ्या वहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

तेवढ्यात मोठी माय आली. मी पोतं घाईने खाली टाकलं.

"काय गं, उगून राहिलं का माझं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "उगून राहिलं. ऊन लागंल, उघडू नका."

"आता काय बाई, कालिजवाली हाय राखणीला! मिरच्या इंग्रजीतच तिखट लागतील."

ती हसली, मीही हसले. आई माझ्यासाठी खोटं बोलली होती.

ती गेल्यावर आई म्हणाली, "सांग आता, काय करायचं?"

"माहीत न्हाई."

आई रागावली नाही. तिने पोतं भिजवून पुन्हा अंथरलं आणि माती मऊ झाल्यावर खराट्याच्या काडीने एक खपली उचलली. खाली पांढरे कोंब होते, वाकलेले, काही काळे पडलेले. दुपारभर आम्ही खपल्या काढत होतो. प्रत्येक खपलीबरोबर कोंब तुटून येईल या भीतीने मी काडी हळूच सरकवायची, आणि बरेचदा तो तुटूनच यायचा. मोकळ्या जागी आईने जुन्या शेणखतात मिसळून चाळलेली पांढरी भुरभुरली. ती बोटांतून सहज सुटत होती.

चार दिवसांनी अकरा रोपं उभी होती.

"मी सांगू का तिला?" आईने विचारलं. मी नको म्हणाले आणि एकटीच गेले. मोठी माय ज्वारी निवडत होती. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, अकराच रोपं उरली तेही. तिचा हात सुपात थांबला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चल, दाखीव," एवढंच म्हणाली.

वाफ्यापाशी बसून तिने बोटाने मोजलं. "दहाच हायेत."

सकाळी उभं असलेलं एक रोप आडवं झालं होतं. मला रडू फुटलं.

"काहून रडून राहिलीस? तुझी आई तर म्हणे, उगून राहिलं!" तिने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग मोठी माय म्हणाली, "यंदा ह्यातली एक बी मिरची कुणी खायची न्हाई. सगळी बियाला. आन् लावायची कुठं, ते तू सांग."

पुन्हा मीच.

"मला नक्की माहीत न्हाई, मोठी माय. पाच इथं पांढरीत लावू, खत घालून. पाच काळीत, उंच वरंब्यावर. जी जगतील ती जगतील."

ती उठली आणि कोंबड्या येतात त्या कुंपणाच्या फटीत काटेरी फांद्या लावायला लागली. मी तिला एकेक फांदी देत राहिले. माझं लक्ष त्या दहा रोपांवरून हलत नव्हतं.