फार आनंद झाला ऐकून

आळंद तालुक्यातल्या एका गावात एक सासू वारली आणि मी फोनवरून तिच्या घरच्यांचं अभिनंदन केलं.

मी म्हणजे माझा आवाज. मी स्वतः त्या वेळी कलबुर्गीच्या ऑफिसात चहात बिस्कीट बुडवत होतो.

आमचं काम असं. शेतीचा सल्ला रेकॉर्ड करायचा, कम्प्युटरमध्ये टाकायचा, मग कम्प्युटर एकाच वेळी शेकडो घरांत फोन लावतो. याला आम्ही व्हॉइस कॉल म्हणतो. व्हॉट्सअॅप का नाही? कारण मोठा फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात बसून गावभर हिंडतो. बाईच्या वाट्याला बटणांचा फोन येतो, आणि तुरीत दिवसभर वाकलेली असते ती बाईच.

अडचण एवढीच होती की बायका फोन उचलायच्या, दोन वाक्यं ऐकायच्या आणि ठेवून द्यायच्या.

ऑफिसातल्या आमच्या मॅडम म्हणाल्या, "बिरादार, एंगेजमेंट शून्य आहे, कुणी शेवटपर्यंत ऐकतच नाही. भाषण वाटतंय हे. संवाद वाटला पाहिजे."

"करतो मॅडम."

केलं. सुरुवातीलाच विचारलं, "नमस्कार अक्का, काय म्हणता? घरी काय विशेष?" मग एक पॉझ ठेवला, म्हणजे समोरच्याला उत्तर देता यावं म्हणून सोडलेली रिकामी जागा. त्यानंतर हसऱ्या आवाजात, "अरे वा! फार आनंद झाला ऐकून. आता तुरीकडे वळू या." कुणाला न विचारता हे पाठवून दिलं. त्याआधी स्वतःला मात्र चार वेळा ऐकवलं. दर वेळी आवडलं.

कॉल गेले त्याच संध्याकाळी महानंदाचा फोन आला, शेजारणीच्या नंबरवरून. आम्ही कॉल लावतो त्या शेतकरी बायकांच्या गटातली ही. नवरा हैदराबादला कामाला, शेत हीच बघते.

"साहेब, काय करून ठिवलाव हे? माझी सासू वारून तीन दिवस झाले. घर पावण्यांनी भरलंय. माझे हात पिठात, मनून नणंदेनं फोन उचलला. स्पीकर लावली. तुमी इचारलाव, घरी काय विशेष. ती रडत रडत मनली, आमची आई गेली हो."

पुढचं मला सांगायची गरज नव्हती.

"नणंद मनते, ह्यो तुझ्या वळखीचाच कोन तर हाय. तूच त्येला सांगितलीस, आन् दोघं मिळून आनंद करायलाव. फोन काढून घेतली. नवऱ्याचा फोन तेच्यावरच येतोय. ही त्येला काय बी सांगंल. आन् तुरीला अळी लागायलीय मनतेत, ते तर कोन सांगावं मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. ओसरीवर सासरे अप्पा, आजूबाजूला पाहुणे. मी दारात हात जोडून म्हणालो, "नमस्कार."

आतून एक उंच बाई ताडकन बाहेर आली. ही नणंद, सोजरबाई. "ह्योच! ह्योच त्यो! आवाज वळखते मी!"

"अक्का, ते रेकॉर्डिंग होतं. मशीन बोलत होतं."

"मशीनीत कोन बोललं?"

"मीच. पण आधीच बोलून ठेवलेलं."

"आधीच? मंजी आई मरायच्या आधीच आनंद झालता तुमाला?"

मी बॅगेतून फोन काढला, तेच रेकॉर्डिंग लावलं आणि अप्पांच्या पुढे धरलं. म्हणालो, तुम्ही काहीही बोला.

मशीननं घरी काय विशेष ते विचारलं. अप्पांनी घसा साफ केला. "म्हैस व्याली."

"अरे वा! फार आनंद झाला ऐकून."

अप्पांनी फोनकडे बघितलं. मी परत लावलं.

"काठीनं बडवू का तुला?"

"अरे वा! फार आनंद झाला ऐकून."

पाहुणे हसले. सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. अप्पांनी बोटानं खूण केली, अजून एकदा. या वेळी ते हळू बोलले.

"माझी बायको गेली रे बाबा."

मशीननं आपलं वाक्य म्हटलं. कुणी हसलं नाही. मी फोन बंद केला.

"ऐकत न्हाई हे," अप्पा म्हणाले. "नुस्तं बोलतंय."

सोजरबाईनं कमरेचा फोन काढून महानंदाच्या हातात दिला. माफी वगैरे काही नाही. "चहा ठिव जा," एवढंच म्हणाली. त्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

चहानंतर आम्ही शेतात गेलो. तुरीखाली चादर पसरून महानंदानं झाड हलवलं. शेंगा पोखरणाऱ्या हिरव्या अळ्या टपाटपा पडल्या. म्हणजे निरोप आजच्या आज सगळ्या गावांत जायला हवा होता, आणि माझा आवाज ऐकताच बायका फोन आपटत होत्या.

सोजरबाई बांधावर उभी राहून महानंदाला ओरडत होती. "हितं काय बघायलीस? तिकडलं झाड हलीव की!" मी फोन तिच्या तोंडापुढे धरला आणि म्हणालो, असंच बोला, फक्त सगळ्यांना.

"ए बायांनो! घरात काय बसलाव? तुरीत अळी आलीया. चादर घ्या, झाडं हलवा, अळ्या येचून मारा. मग निंबोळीचं पानी फवारा. उद्या न्हाई, आज!"

पॉझ नाही, विचारपूस नाही. संध्याकाळी तेच पाठवलं. बहुतेकींनी शेवटपर्यंत ऐकलं. नणंदेचं बोलणं मध्येच तोडायची सवय कुणाला नसावी. महानंदाची तूर थोडी गेली, बरीचशी वाचली. मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात एंगेजमेंट." मी मान डोलावली. उत्तर ऐकायची सोय नसेल तर प्रश्न विचारू नये, एवढं मला या वयात कळलं.

आता दर हंगामात सोजरबाईचाच आवाज जातो. ती सासरी उमरग्याकडे असते, फोनवरच बोलून देते. परवा मी भीत भीत विचारलं, "अक्का, सुरुवातीला माझा नुसता नमस्कार ठेवू का?"

"लोकांस्नी उठवायचं हाय का झोपवायचं?" म्हणाली, आणि फोन ठेवला.