कडीची बंदूक

कोंडाजीकाका त्या दिवशी ताडी पिऊन रानात गेले होते, असं आमच्या वाडीत अजून सांगतात. दुसरे म्हणतात, भावाभावांत जमिनीवरून वाकडं होतं. दोन्ही साफ खोटं आहे. काकांनी ताडीला उभ्या जन्मात तोंड लावलं नाही, आणि भांडावं एवढी जमीन त्या घरात कधी नव्हतीच. सांगणाऱ्यांपैकी एकानेही बंदूक खांद्याला लावलेली नाही, पण पारावर बसलं की सगळेच शिकारी होतात. मी तेव्हा खोतांकडे कारकून होतो आणि बंदूक निवडायला काकांबरोबर मुंबईला मीच गेलो होतो. तेव्हा मला बोलू द्या.

श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा मागे टाकून डोंगराकडे चढत गेलं की आमची वाडी लागते. भात नि वरी एवढंच पीक, आणि पीक पोटऱ्यात आलं की सांबरं, भेकरं खाली उतरायची. कोंडाजीकाका वाडीचे नेमबाज. माणूस उंचीला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. सखुबाईकाकी चेष्टेने म्हणायच्या, "ह्यांच्यापरीस ह्यांची बंदूक जास्त बोलते." त्यांच्याकडे ठासणीची जुनी बंदूक होती. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, तेव्हा कुठे एक बार. त्यानंतर ती बंदूक म्हणजे नुसतं लाकूड.

या एका बारावरच आमच्याकडच्या शिकारीची सगळी रीत बसलेली होती. हाकारे रान उठवत यायचे, जनावर काकांच्या अंगावर काढायचे. बार ऐकू आला की हाकाऱ्यांनी ओरडणं बंद करून कोयत्या घेऊन सरळ धावत आत घुसायचं. बार झाला म्हणजे बंदूक रिकामी. आता तिची भीती नाही आणि तिच्या धन्याला आधारही नाही. जखमी जनावर त्याच्यावर उलटायच्या आत माणसं पोचली पाहिजेत. बापाच्या मागून धावत मुलं हे शिकायची. कुणी कुणाला शिकवल्याचं मला आठवत नाही.

हाकाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे असायचे अंबाजीकाका, कोंडाजीकाकांचे थोरले भाऊ. धिप्पाड, मोकळ्या गळ्याचे, लग्नात वरातीपुढे नाचणारे. त्यांचं घर वाडीपासून वेगळं, वर वहाळाच्या काठाला. तिथे ते आणि नीराबाई दोघंच राहायचे. मूलबाळ झालं नव्हतं.

अस्वल आमच्याकडे तसं नसतंच. पण एका उन्हाळ्यात घाटाकडून एक खाली उतरलं आणि करवंदांच्या जाळ्यांत राहिलं. काटक्यांना गेलेल्या एका म्हातारीला त्याने फाडलं, म्हणून वाडीने हाका घातला. काकांचा बार त्याच्या खांद्याला चाटून गेला. ते उलटलं. काका गजाने गोळी ठासत होते आणि ते समोरून येत होतं. अंबाजीकाका मध्ये पडले. कोयतीचे घाव खाऊन जनावर पळालं, पण जाताना त्यांचा एक डोळा आणि अर्धा गाल घेऊन गेलं.

अंबाजीकाका जगले. मात्र त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे. बायका पोरांना त्या वाटेने जाऊ देत नसत, आणि भलेभले बाप्येसुद्धा वहाळावरच्या घराकडे जायचे टाळू लागले. माझी आईच म्हणायची, जेवणाच्या आधी तिकडे जाऊ नको. कोंडाजीकाका तेवढे रोज जात. ओट्यावर बसत, भावाला विडी पेटवून देत, काही न बोलता परत येत. त्यांच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती: माझी बंदूक रिकामी होती म्हणून दादाला मध्ये पडावं लागलं. पुन्हा ही पाळी दादावर येऊ द्यायची नाही. एरवी मुका असलेला हा माणूस त्यापायी खोतांच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

खोतांना शिकारीची हौस, नेम मात्र शेणात. नवी बंदूक त्यांना हवीच होती. ती त्यांच्या नावाने यायची, परवानाही त्यांचा, पण शिकारीला काकांच्या हाती द्यायची असं ठरलं. "जो चालवणार त्यालाच निवडू दे," खोत म्हणाले. आयुष्यात तेवढं एक शहाणपणाचं ते बोलले असतील. मग कागदपत्रं घेऊन मी आणि काका आगबोटीने मुंबईला गेलो.

कोट भागातलं बंदुकांचं ते दुकान एका म्हाताऱ्या पारशी शेटजींचं होतं. काका पायताणं बाहेर काढून आत गेले. शेटजींनी विचारलं, "काय मारायचा हाय?"

"सांबर," काका म्हणाले. "आनि अस्वल."

"एकाच बंदूकने? हरनला लांबून मारायचा, त्याला हलकी गोली बस. रीछला जवलून मारायचा, त्याला जड गोली पायजे." शेटजी हसले, पण हसण्यात हेटाळणी नव्हती. त्यांनी तीन बंदुका कापडावर मांडल्या. पहिली दुनळी. दुसरी एका गोळीची रायफल, खालचा दांडा ओढून उघडायची, साधी आणि भक्कम. तिसऱ्या रायफलीला बाजूला पोलादी कडी होती, आपल्या दाराला असते तशीच उचलून मागे ओढायची. तिच्या पोटात पाच काडतुसं मावत.

मला वाटलं होतं, काका नळीत डोकावतील, दस्ता ठोकून बघतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. एकेक बंदूक हातात घ्यायची, भिंतीकडे वळायचं, डोळे मिटायचे आणि मिटल्या डोळ्यांनीच ती खांद्याला लावायची. मग डोळे उघडून बघायचं, नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी नजरेसमोर आपसूक आली आहे की मान वाकवून आणावी लागते. दुनळी त्यांना तोंडाकडे जड वाटली. एका गोळीची रायफल पहिल्याच झटक्यात जागेवर बसली. ती त्यांना मनापासून आवडली होती, हे मी शपथेवर सांगेन. कितीतरी वेळ ते तिच्या लाकडावरून हात फिरवत राहिले.

"हीच घेऊन जा," शेटजी म्हणाले. "तुमचा हात चांगला दिसते. चांगल्या हाताला एक गोली पुरते."

"न्हाय पुरली, शेटजी," काका म्हणाले आणि ती खाली ठेवली. दुनळीचे दोन बार तरी होतील, असं मी सुचवलं. त्यावर ते म्हणाले, "दोन झाल्यावर काय, रावजी? पुन्ना दादाच ना?"

मग त्यांनी कडीची बंदूक उचलली. डोळे मिटून लावली, तेव्हा माशी किंचित वर आली. मान थोडी वाकवावी लागली. ते त्यांनी चालवून घेतलं. कडी उचलली, ओढली, ढकलली, पाडली. पुन्हा तसंच. बंदूक खांद्यावरून हलली नाही आणि त्यांची नजरही भिंतीवरच्या एका डागावरून हलली नाही. "खांद्यावरनं उतरवायला लागत न्हाय," ते पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसलं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढे पाहण्याचा प्रश्नच उरला नाही.

वाडीत बंदुकीचं कौतुक झालं. अंबाजीकाकांनी ती मांडीवर घेतली, कडी खालीवर केली आणि उरलेल्या तोंडाने हसले. "आता तुला माजी गरज न्हाय, कोंडू," ते म्हणाले. कोंडाजीकाका पावसाळाभर रिकाम्या बंदुकीवर हात बसवत होते. घोडा ओढायचा, की लगेच कडी, की लगेच घोडा. शेवटी शेवटी तर गप्पा मारता मारता त्यांचा उजवा हात आपोआप तसा हलायचा आणि सखुबाईकाकी हसून तो धरून ठेवायच्या.

त्या हंगामात त्यांनी बरीच सांबरं पाडली. प्रत्येक वेळी एकच गोळी लागली. एक बार व्हायचा, हाकारे पूर्वीसारखेच धावत आत घुसायचे आणि जनावर पडलेलं असायचं. बंदुकीत आणखी चार गोळ्या आहेत हे वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि पायांना माहीत असणं वेगळं. बार ऐकला की पाय धावतात, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. ते आता बदलायला हवं, हे ना काकांना सुचलं, ना वाडीला. त्या हंगामात तशी वेळच आली नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात अस्वल परत आलं. खांद्यावर जुना वण, तेच ते. सकाळच्या उन्हात हाका घातला. अंबाजीकाकांना नीराबाई नको म्हणत होत्या, पण ते ऐकतात कसले. मी खोतांबरोबर वरच्या कातळावर होतो, तिथून सगळं दिसत होतं. अस्वल जाळीतून बाहेर पडलं आणि काकांचा बार झाला. ते डरकाळलं आणि काकांवरच धावलं. काकांचा हात फिरला, कडी वाजली, दुसरा बार झाला. त्याच क्षणाला अस्वल पुढच्या पायांवर कोसळलं. गोळी त्याच्या पाठीवरून गेली. मागच्या जाळीतून कोयती उगारून अंबाजीकाका बाहेर येत होते. पहिला बार ऐकून ते धावले होते, जन्मभर धावत आले तसेच.

ती गोळी त्यांना लागली. कोंडाजीकाका जवळ पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

फौजदार आले, पंचनामा झाला. वाडी एका तोंडाने बोलली: पहिल्या गोळीने अस्वल थांबलं नव्हतं, दुसरी झाडली नसती तर कोंडाजी गेला असता. अस्वलाचं कातडं सोलणाऱ्या चांगदेवानेही सांगितलं, दोन्ही गोळ्या जनावराला लागल्या आणि दुसरी आरपार जाऊन माणसाला लागली. फौजदार भला माणूस होता. अपघात म्हणून लिहून घेऊन तो निघून गेला. नीराबाईंनाही तेच सांगण्यात आलं.

कातडं खोतांच्या परसात मीठ लावून, खुंट्या ठोकून वाळत घातलं होतं. भावाचे दिवस घालून झाल्यावर काका तिथे आले. मी त्यांना थोपवायला बघितलं, तर मला बाजूला सारून ते कातड्यापाशी उकिडवे बसले. केसांतून बोटं फिरवली, कडेकडेने चाचपलं. पुढच्या पायामागे एक भोक होतं. दुसरं नव्हतं. पहिल्या गोळीनेच अस्वल मेलेलं होतं. ते धावलं ती त्याची मरतानाची धाव होती. दुसऱ्या बाराची गरजच नव्हती.  मला रडू आवरलं नाही.

तिथून ते उठले ते थेट वहाळाकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. वाडीने त्यांच्यासाठी रचलेलं खोटं त्यांना निमूट घेता आलं असतं. कुणी विचारणार नव्हतं. पण हा माणूस नीराबाईंच्या अंगणात उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "वैनी, अस्वल पैल्याच गोळीला मेलं हुतं. दुसरी मी उगीच झाडली."

नीराबाई उंबऱ्यात टेकल्या. मग म्हणाल्या, "सांगितलात ता बरं केलात, भावजी. पन माफ कर म्हनू नका. ता माज्याच्यान व्हनार न्हाय."

काका म्हणाले नाहीत. नंतरही कधी म्हणाले नाहीत. त्यांनी बंदूक खोतांना देऊन टाकली. पुढे सांबरांनी शेतं लुटली, लोकांनी हातापाया पडून बघितलं, तरी तिला हात लावला नाही. पाऊस पडून जमीन भिजली की ते स्वतःच्या आधी नीराबाईंचं शेत नांगरून देत. दुपारी त्या भाकरी ओट्याच्या कडेला ठेवून आत जात. काका ती खात, थाळा धुऊन पालथा घालत आणि पुन्हा नांगर धरत. लाकडं फोडून देणं, छप्पर शाकारणं, सगळं तेच करत. एवढ्या वर्षांत दोघांमध्ये शब्द म्हणून झाला नाही. जाताना ते अंगणात क्षणभर थांबत. आतून कुणी हाक मारतं का, ते ऐकत असावेत. मग निघून जात.

अडतीस सालच्या भाद्रपदात काका हिवतापाने गेले. तिसऱ्या दिवशी नीराबाई वाडीत खाली आल्या. कितीतरी वर्षांनी त्या काकांच्या घराची पायरी चढत होत्या. सखुबाईकाकींच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. मी ओट्यावर होतो.

"मी तेला कवाच माफ केला हुता, सखू," त्या म्हणाल्या.

काकींनी मान वर केली. "कवा?"

"पैल्या पेरनीलाच. चिखलात नांगर धरताना बघितला, तवाच."

"मग बोललीस का न्हाय? त्यो रोज वाट बघायचा गं."

नीराबाई पदराचा शेव बोटाला गुंडाळत राहिल्या. "माफ केला म्हनले असते तर मोकळा होऊन गेला असता. माज्या दारात दुसरं कोन येत हुतं?"

काकी त्यांच्यावर ओरडतील असं मला वाटलं. मीच ओरडायच्या बेतात होतो. पण काकींनी जावेचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी संध्याकाळपर्यंत तशाच बसून राहिल्या.